उष्णकटिबंधीय अरण्यांतील सोंड्या भुंगेरे : जातींचा शोध, वर्गीकरण आणि नामकरण

सारांश : सोंड्या भुंगेरे हा प्राणिसृष्टीतील सर्वाधिक जातिसंपन्न समूहांपैकी एक असून त्यातील बहुसंख्य जाती अद्याप अनामिक आहेत. प्रस्तुत लेखात न्यू गिनी व इंडोनेशियातील बेटांवर आढळणाऱ्या ट्रायगोनोप्टेरस या वंशाच्या आधारे नव्या जातींचा शोध कसा घेतला जातो, त्या कशा वेगळ्या ओळखल्या जातात आणि नामकरण हे संवर्धनाचे पहिले पाऊल का ठरते, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सोंड्या भुंगेरे, वर्गीकरणविज्ञान, डीएनए बारकोडिंग, ट्रायगोनोप्टेरस, प्रदेशनिष्ठ जाती.

१. प्रस्तावना

तांदळाच्या डब्यातील सोंडे, आंब्याच्या कोयीत वाढणारा कोयकिडा आणि नारळाचे खोड आतून पोखरणारा सोंड्या भुंगा हे तीन कीटक मराठी वाचकास परिचित आहेत. तिन्हींचे घर वेगळे, उपद्रव वेगळा; परंतु शास्त्रीय दृष्ट्या ते एकाच समूहाचे घटक आहेत. डोक्याचा पुढील भाग सोंडेप्रमाणे लांबलेला असणे आणि त्या सोंडेच्या टोकाशी मुखांगे असणे, हे या समूहाचे ठळक लक्षण होय. बहुतेक जातींमध्ये मादी या सोंडेने बी, खोड वा फळ यांत छिद्र पाडते व तेथे अंडे घालते. वनस्पतीच्या ज्या भागांत इतर कीटकांचा सहज शिरकाव होत नाही, ते भाग या साधनामुळे सोंड्या भुंगेऱ्यांना खुले झाले. त्यांच्या विलक्षण विविधतेचे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

सन २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार या समूहाच्या सुमारे ६२,००० जातींचे वर्णन झालेले होते, तर प्रत्यक्षात अस्तित्वात असलेल्या जातींची संख्या २,२०,००० च्या आसपास असावी, असा अंदाज त्यात वर्तविला होता. म्हणजे दर चार जातींपैकी जेमतेम एकीला नाव मिळाले आहे. प्रस्तुत लेखात ‘जाती’ ही संज्ञा वर्गीकरणाच्या मूलभूत एककासाठी आणि ‘वंश’ ही संज्ञा निकटच्या जातींच्या गटासाठी वापरली आहे.

अज्ञात जातींचा प्रश्न चर्चेच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय टेरी अर्विन या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाकडे जाते. त्यांनी पनामातील लुहिया सीमानी या वृक्षजातीच्या १९ झाडांच्या शेंड्यांवर कीटकनाशकाचे धुके सोडून खाली पडलेले भुंगेरे गोळा केले. त्यांत सोंड्या भुंगेरे वगळता ९५० हून अधिक जाती आढळल्या. सोंड्या भुंगेऱ्यांची छाननी तेव्हा झालेली नसल्याने ब्राझीलमधील नमुन्यांच्या आधारे त्यांनी २०६ जाती अनुमानाने मिळविल्या व एकूण आकडा १,२०० धरला. त्यावरून १९८२ मध्ये त्यांनी पृथ्वीवरील संधिपाद प्राण्यांच्या जाती तीन कोटी असाव्यात, असे अनुमान मांडले. पुढील अभ्यासांनी हा आकडा बराच खाली आणला. तथापि एका गाजलेल्या अनुमानातही सोंड्या भुंगेऱ्यांचा वाटा मोजून नव्हे, तर अंदाजाने धरावा लागला, ही बाब सूचक आहे.

२. नावाचे व्यावहारिक मोल

एवढ्या सूक्ष्म कीटकांना नावे देण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर साल्व्हिनिया या पाण्यावर तरंगणाऱ्या तणाच्या इतिहासात मिळते. हे तण आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलिया येथील जलाशयांत पसरले तेव्हा ते साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा असल्याचे समजले जात होते. त्या वनस्पतीवर जगणारा सिर्टोबेगस सिंग्युलारिस हा सोंड्या भुंगेरा त्रिनिदादमधून आणून अन्यत्र सोडण्यात आला. परंतु तणाचे नियंत्रण झाले नाही. पुढे १९७२ मध्ये डी. एस. मिचेल यांनी हे तण स्वतंत्र जात असल्याचे दाखवून त्याचे साल्व्हिनिया मोलेस्टा असे नामकरण केले. त्यामुळे त्याच्या मूळ प्रदेशाचा शोध योग्य दिशेने होऊ लागला आणि १९७८ मध्ये तो आग्नेय ब्राझीलमध्ये सापडला. तेथील भुंगेरे १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील मूनडारा जलाशयात सोडले असता अल्पावधीतच तणाचा नायनाट झाला. हा भुंगेराही आधी सिंग्युलारिस म्हणूनच ओळखला गेला होता. तो वेगळा असल्याचे सिद्ध होऊन १९८५ मध्ये त्यास सिर्टोबेगस साल्व्हिनिई हे नाव मिळाले.

पापुआ न्यू गिनीतील सेपिक नदीच्या खोऱ्यात या तणाने सुमारे २५० चौरस किलोमीटर जलपृष्ठ व्यापले होते. होडीने होणारी वाहतूक व मासेमारी ठप्प झाली होती. त्याच भुंगेऱ्याने तेथील जलमार्ग पुन्हा मोकळे केले. केरळातील कालवे व भातशेती यांनाही १९८० च्या दशकात त्याचा लाभ झाला. दिसावयास जवळजवळ सारख्या असलेल्या दोन जातींमधील भेद हा केवळ ग्रंथालयातील वादाचा विषय नसून कित्येक गावांच्या उपजीविकेचा प्रश्न असू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

३. ट्रायगोनोप्टेरस : एका वंशाची कथा

ट्रायगोनोप्टेरस या वंशाची स्थापना फोव्हेल यांनी १८६२ मध्ये केली. यातील बहुतेक भुंगेरे दोन ते तीन मिलिमीटर लांबीचे, काळसर वा तांबूस आणि पंखहीन असतात. उडता येत नसल्याने त्यांचा वावर अरण्यातील पालापाचोळा व झुडपांची पाने एवढ्यापुरता सीमित राहतो. जर्मनीतील कार्ल्सरुहे येथील निसर्गेतिहास संग्रहालयाचे अलेक्झांडर रीडल यांनी या वंशाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

सन २०११ मध्ये रीडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रायगोनोप्टेरस ऑब्लाँगस या जातीच्या पायाच्या सांध्यात एक अनपेक्षित रचना शोधून काढली. क्ष-किरणांच्या साहाय्याने घेतलेल्या त्रिमितीय प्रतिमांत तेथे मळसूत्र व त्यात बसणारी चाकी यांसारखी जोडणी दिसून आली. मानवनिर्मित यंत्रात सर्रास आढळणारी ही युक्ती प्राण्याच्या सांध्यात प्रथमच नोंदली गेली.

तथापि मुख्य आव्हान संख्येचे होते. सन २०१३ मध्ये रीडल व सहकाऱ्यांनी न्यू गिनीतील १०१ नव्या जातींचे वर्णन एकाच लेखात प्रसिद्ध केले. सन २०१४ मध्ये जावा, बाली, लोंबोक आदी बेटांवरील ९८ नव्या जातींची त्यात भर पडली. सुलावेसी या विस्तीर्ण बेटावरून १८८५ पासून या वंशाची केवळ एकच जात ज्ञात होती. २०१९ मध्ये रीडल आणि इंडोनेशियन शास्त्रज्ञ राडेन प्रामेसा नाराकुसुमो यांनी तेथून १०३ नव्या जाती नोंदविल्या. म्हणजे सहा वर्षांत तीन लेखांद्वारे तीनशेहून अधिक जातींना नावे मिळाली.

एवढी नावे सुचावीत कोठून, हाही प्रश्न उद्भवला. न्यू गिनीच्या जातींसाठी पापुआ न्यू गिनीच्या दूरध्वनी निर्देशिकेतील आडनावे घेण्यात आली. सुलावेसीच्या काही जातींना डार्विन, क्रिक, वॉटसन तसेच डीएनए बारकोडिंगचे प्रवर्तक पॉल हेबर्ट यांची, तर काहींना ॲस्टेरिक्स, ओबेलिक्स व योडा या काल्पनिक पात्रांची नावे मिळाली. नियमांनुसार नाव गंभीर असण्याची अट नाही; ते द्विपदी, लॅटिन लिपीतील आणि त्या वंशात पूर्वी न वापरलेले असावे लागते.

४. शोधाची कार्यपद्धती

नव्या जातीचा शोध ही एका क्षणाची घटना नसून ती एक प्रक्रिया आहे. पहिल्या टप्प्यात झुडपांखाली कापड धरून फांद्यांवर काठीने आघात केला जातो व पडणारे कीटक वेचले जातात. पालापाचोळा चाळणीतून चाळून त्यातील सूक्ष्म प्राणी वेगळे केले जातात. प्रत्येक नमुन्यासोबत स्थळ, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, दिनांक व संग्राहक यांची नोंद आवश्यक असते. या चिठ्ठीवाचून नमुन्याचे शास्त्रीय मूल्य जवळजवळ नाहीसे होते.

दुसऱ्या टप्प्यात आकार, रंग, कवचपंखांवरील रेषा व खळगे यांच्या आधारे नमुन्यांची प्राथमिक विभागणी केली जाते. तिसऱ्या टप्प्यात निवडक नमुन्यांतून, कवचाला धक्का न लावता, डीएनए काढला जातो आणि मायटोकाँड्रियातील एका विशिष्ट जनुकाच्या सुमारे ६५० घटकांचा क्रम वाचला जातो. हेबर्ट यांनी २००३ मध्ये पुरस्कारलेली हीच बारकोडिंगची पद्धत होय.

चौथ्या टप्प्यात दोन्ही पुराव्यांची तुलना होते. ते जुळत नसतील, तर नमुना पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली येतो. येथे नराच्या जननेंद्रियांची रचना निर्णायक ठरते. बाहेरून एकसारखे दिसणारे भुंगेरे अनेकदा याच लक्षणावरून वेगळे करता येतात. तांदूळ व मका यांतील सोंड्यांच्या दोन निकटच्या जातीही याच रीतीने ओळखल्या जातात.

शेवटी एक नमुना त्या नावाचा कायमचा आधार म्हणून निश्चित केला जातो. यास होलोटाइप म्हणतात व तो सार्वजनिक संग्रहालयात जतन केला जातो. भविष्यात शंका उद्भवल्यास वाद शब्दांच्या नव्हे, तर या नमुन्याच्या आधारे सोडविला जातो.

५. डीएनए आणि शरीररचना : स्पर्धा की सहकार्य?

केवळ डीएनएवरून जाती ठरवता येतील काय, हा प्रश्न गेली दोन दशके वादाचा राहिला आहे. या संदर्भात ट्रायगोनोप्टेरसवरील २०१२ चा एक अभ्यास उद्बोधक आहे. न्यू गिनीतील सात प्रदेशांतून ६,५०० हून अधिक नमुने गोळा करून त्यांपैकी १,००२ नमुन्यांचा डीएनए वाचण्यात आला. तज्ज्ञांनी शरीररचनेवरून त्यांची २७० जातींत विभागणी केली होती. जनुकीय अंतराची मर्यादा ३ टक्के धरली असता संगणकाने ३२४ गट दिले, म्हणजे जातींची संख्या २० टक्क्यांनी फुगली. याउलट, तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित साहाय्यकाने केवळ डोळ्यांनी केलेल्या विभागणीत ही संख्या १९ टक्क्यांनी घटली आणि त्याचे अचूक ठरलेले गट एकतृतीयांशाहूनही कमी होते.

या आकड्यांचा अर्थ दुहेरी आहे. अप्रशिक्षित नजरेपेक्षा डीएनए निश्चितच विश्वासार्ह आहे. परंतु तो तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही. डोंगररांगांनी विभागलेल्या एकाच जातीच्या वस्त्यांमध्ये जनुकीय अंतर वाढत जाते आणि यंत्र त्यांस वेगळ्या जाती समजते. कोस्टा रिकातील परजीवी गांधीलमाश्यांच्या ४०३ जातींचे २०२१ मध्ये मुख्यत्वे बारकोडच्या आधारे वर्णन करण्यात आले, तेव्हा अनेक वर्गीकरणतज्ज्ञांनी त्यावर याच मुद्द्यावरून आक्षेप घेतले. ट्रायगोनोप्टेरसच्या अभ्यासकांनी मध्यममार्ग स्वीकारला : वर्णन संक्षिप्त, छायाचित्रे उत्तम, डीएनएचा क्रम सोबत आणि अंतिम निर्णय मात्र तज्ज्ञाचा.

६. वर्गीकरण आणि संवर्धन

वरील अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष संवर्धनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ज्या दोन प्रदेशांत सर्वाधिक साम्य आढळले, तेथेही समान जाती केवळ चार होत्या. सन २०१४ च्या दुसऱ्या एका अभ्यासात बाली बेटावरून नोंदलेल्या आठही जाती त्या बेटाबाहेर कोठेही आढळल्या नाहीत. पक्षी व सस्तन प्राणी यांच्या दृष्टीने जे बेट जावाचीच छोटी आवृत्ती मानले जात होते, ते भुंगेऱ्यांच्या दृष्टीने एक स्वतंत्र जग ठरले. पंखहीन प्राण्याला एक दरीसुद्धा समुद्रासारखी असते. त्यामुळे एका डोंगरावरील अरण्य नष्ट झाले, तर शेजारच्या डोंगरावरील अरण्य त्याची भरपाई करू शकत नाही. मोठ्या प्राण्यांच्या आधारे आखलेल्या संरक्षित क्षेत्रांच्या नकाशांत हे सूक्ष्म वास्तव उमटत नाही.

यात एक विरोधाभासही दडलेला आहे. मलेशियात तेलमाडाचे परागीभवन पूर्वी मजुरांकरवी करावे लागे. कॅमेरूनमधील इलायडोबियस कॅमेरुनिकस हा सोंड्या भुंगेरा १९८१ मध्ये तेथे आणला गेल्यावर हे काम त्याने सहज केले व उत्पादन वाढले. तेलमाडाच्या विस्तारासाठी आग्नेय आशियातील विस्तृत अरण्ये तोडण्यात आली. एका सोंड्या भुंगेऱ्याच्या ज्ञानाने भरभराटीस आलेले पीक त्याच्याच अज्ञात नातलगांच्या अधिवासावर पसरत गेले.

भारतापुरते पाहता, गाय मार्शल यांनी सोंड्या भुंगेऱ्यांवर लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला भाग ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील मालिकेत १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेची स्थापना झाली. जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार, नवी जात शोधणाऱ्याने त्याची सूचना निर्देशित भांडारास देणे व नमुना तेथे जमा करणे बंधनकारक आहे. सह्याद्रीतील डोंगर, दऱ्या व एकाकी कडे यांची रचना लक्षात घेता, पालापाचोळ्यातील पंखहीन भुंगेऱ्यांचा पद्धतशीर शोध येथेही फलदायी ठरू शकतो. महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभागांना आवश्यक परवानग्या घेऊन या कामात सहभागी होता येईल. त्यासाठी लागणारी पहिली साधने महागडी नाहीत : कापड, चाळणी, अल्कोहोलच्या कुप्या आणि काळजीपूर्वक लिहिलेली चिठ्ठी.

७. समारोप

सोंड्या भुंगेऱ्यांच्या अभ्यासातून तीन निष्कर्ष पुढे येतात. एक, वेग व अचूकता परस्परविरोधी नाहीत. शरीररचना, डीएनए व छायाचित्रण यांची सांगड घातल्यास मोठ्या समूहांचे वर्गीकरण एका पिढीच्या आवाक्यात येते. दोन, तंत्रज्ञानामुळे तज्ज्ञाची गरज कमी झाली नसून त्याच्या निर्णयाचे महत्त्व वाढले आहे; म्हणून वर्गीकरणविज्ञानाचे अध्यापन अभ्यासक्रमातून मागे पडणे हिताचे नाही. तीन, नाव नसलेल्या जातीची गणना होत नाही, तिचा ऱ्हास नोंदला जात नाही आणि तिच्या बाजूने कोणताही कायदा उभा राहू शकत नाही. अरण्य तुटते तेव्हा अनामिक जाती नोंदीविनाच नाहीशा होतात. वर्गीकरणतज्ज्ञाचे काम त्या नोंदीत किमान एक ओळ वेळेवर लिहिण्याचे आहे.