अनुदान कोणाचे? ज्याचा सातबारा त्याचे!

शेतीचे अनुदान पोहोचते कोणापर्यंत? २०१९ पासून पीएम-किसान योजनेत वर्षाला ६००० रुपये मिळतात. पण सातबाऱ्यावर नाव असेल तरच. युरियाचे अनुदान कंपनीला जाते. ज्याची जमीन मोठी, त्याला स्वस्त पोती जास्त. २०११ च्या जनगणनेत देशात १४ कोटींवर शेतमजूर होते, जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांहून अधिक. मग निंदणी-कापणी करणाऱ्या आमच्या आयाबहिणींच्या पदरात काय?

म्हणूनच कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. त्यांच्या नावाच्या सबळीकरण योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. २०१८ पासून १०० टक्के अनुदानावर. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात अर्ज करा. आधी सातबारा, मग अनुदान! जयभीम!