पाठीवरची टाकी आणि तिचा खटका

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत पाठीवर हवेची टाकी बांधून काम करणं नवं नाही. रसायनाची गळती झाली किंवा वायू कोंडलेल्या जागी कुणाला उतरायचं असलं, की श्वसनसंच चढवतात. पाठीला टेकणारी एक पाटी, तिच्यावर पट्ट्याने आवळलेली टाकी आणि चेहऱ्यावर मुखवटा. ६ लिटरची टाकी ३०० बारपर्यंत भरली की हिशेबाने १८०० लिटर हवा होते. एवढ्या दाबाला प्रत्यक्षात ती थोडी कमीच मावते. आग विझवणाऱ्यांना आणि कारखान्यातल्या सुरक्षा विभागाला हा संच पाठ असतो.

तिथून जवळच कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं. टाटांचं हे वीजघर १९२७ सालचं. वीज तयार करून सुटलेल्या पाण्यावर ही नदी भर उन्हाळ्यातही राफ्ट चालवते. राफ्टिंगच्या सामानात कॅम पट्टा असतो, लाइफ जॅकेटला बाजूने चिमटीत दाबून सुटणारं प्लास्टिकचं बकल असतं. म्हणजे पट्टे आणि बकलं हाताळणारी माणसं रोहे तालुक्यात भरपूर आहेत. आणि म्हणूनच पाण्याखाली श्वास घ्यायची स्कूबाची टाकी पाणबुड्याच्या जॅकेटला आवळणारा पट्टा निवडताना इथल्या माणसाची गफलत होऊ शकते. हाताला ओळखीचं वाटणारं बकल पाण्याखाली तेच काम करेल, असं नसतं.

राफ्टिंगच्या कॅम बकलात स्प्रिंगवर बसलेला दातेरी तुकडा असतो. पट्टा ओढला की दाते त्यात रुततात, अंगठ्याने दाबलं की सोडतात. स्कूबाच्या टाकीचं बकलही कॅम बकलच म्हणवतं, पण त्याची चाल निराळी. पट्टा बकलाच्या खाचांतून ओवून हाताने ताणायचा आणि मग खटका उलटा पाडायचा. खटका पडताना पट्टा आणखी थोडा खेचला जातो आणि मध्यरेषा ओलांडली की पट्ट्याचा ताणच खटक्याला मिटलेला ठेवतो. इथे दाते नाहीत, स्प्रिंग नाही. पकड सगळी घर्षणाची आणि ओवण्याच्या क्रमाची. एक खाच चुकली तरी खटका व्यवस्थित बसल्यासारखा दिसतो, आणि टाकी मात्र इंचाइंचाने घसरत राहते. ज्याने हे बकल स्वतः ओवलेलं नाही, त्याने पाण्यात उतरण्याआधी ते एकदा तरी ओवून बघावं, असं मी आग्रहाने सांगेन. चित्र पाहून ते कळत नाही, बोटांनाच कळतं.

घसरण्याला टाकीचं वजन कारण असतं, तसं तिचं तरंगणंही. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी ॲल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची असते. २०७ बारला ती भरते, रिकामी सुमारे १४ किलो भरते आणि तिच्यातली हवाच पावणेतीन किलोच्या आसपास असते. बुडी सुरू होताना ही टाकी समुद्रात किंचित जड असते. हवा संपत येते तशी ती तरंगू लागते आणि तिचं बूड वर उचललं जातं. म्हणजे एकाच बुडीत पट्ट्यावरचा जोर दिशा बदलतो. कारखान्यातल्या श्वसनसंचाच्या पट्ट्याला हा प्रश्न कधी पडत नाही.

आता पट्टा. बहुतेक लोक बकलाकडे बघतात, पट्ट्याकडे बघत नाहीत. माझ्या मते खरी परीक्षा पट्ट्याची आहे. नायलॉनचा धागा स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकतो आणि ओला झाला की सैलावतो. दुकानात कोरड्या पट्ट्याने करकचून आवळलेली टाकी पाच मिनिटांत पाण्यात हलू लागते ती यामुळे. अनुभवी पाणबुडे पट्टा आधी पाण्यात बुडवून मगच आवळतात. पॉलिएस्टरचा पट्टा एक टक्काही पाणी घेत नाही, त्यामुळे तो फार कमी सैलावतो. दोन्ही पट्टे दिसायला सारखे, रुंदीही तीच, साधारण दोन इंच. विकत घेताना विचारल्याशिवाय फरक कळणार नाही.

बकल प्लास्टिकचं घ्यावं की स्टेनलेस स्टीलचं? चांगल्या प्लास्टिकचं बकल हलकं, स्वस्त आणि पुष्कळ वर्षं टिकणारं असतं. त्याचे वैरी दोन. एक ऊन, उन्हात टाकून ठेवलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. दुसरा म्हणजे होडीच्या फळीवर आपटलेली जड टाकी. स्टीलचं बकल या दोन्हींना पुरून उरतं. शिवाय त्याच्या पट्ट्याची लांबी एकदा बसवली की पुढच्या वेळी नुसता खटका उघडायचा आणि मिटायचा, ओवणं पुन्हा नाही. एकाच मापाच्या टाक्या असतील तेव्हाच हे सुख. ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियमच्या टाकीचा व्यास १८४ मिलिमीटर; १२ लिटरची पोलादी टाकी १७१ मिलिमीटरचीही मिळते. घेरात चार सेंटिमीटरचा फरक पडला, तर कोणताही खटका तो भरून काढत नाही. पट्टा नव्याने बसवावाच लागतो.

पेणच्या खारेपाटात राहणाऱ्याला खारा वारा लोखंडाचं काय करतो ते सांगायला नको. याच तालुक्यात डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे, पण तिथलं साधं पोलाद या कामाचं नाही. स्टेनलेस स्टीलमध्येही दोन जाती नीट ओळखाव्या. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि समुद्राच्या मिठाने पृष्ठभागाला बारीक भोकं पडायची ती त्यामुळे बऱ्याच अंशी रोखली जातात. हा फरक लोहचुंबकाने कळत नाही. बिलावर ३१६ लिहून घ्यावं, एवढाच उपाय सामान्य माणसाच्या हाती आहे.

पेण-रोह्याची बहुतेक माणसं स्कूबा पहिल्यांदा अनुभवतात ती मालवणला. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीला आहे. पहिल्या बुडीत प्रशिक्षक पर्यटकाला मागून, टाकीपाशी धरून फिरवतो. टाकी जॅकेटला सैल बसली असेल तर प्रशिक्षकाची पकडच सैल. अशा वेळी पट्टा कोणत्या कंपनीचा हे विचारण्यात अर्थ नाही. पट्टा ओला करून आवळला का, आणि जॅकेट मूठ धरून उचलून हलवल्यावर टाकी जॅकेटबरोबर हलते की स्वतंत्र, एवढं डोळ्यांनी पाहावं.

आपल्या, म्हणजे पेण-रोह्याच्या जिल्ह्यातली बुडी मात्र हौसेची नसते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर रस्त्यावरचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं वाहून गेली. नंतरच्या शोधात नौदलाचे पाणबुडे त्या गढूळ, धावत्या पाण्यात उतरले होते. अंबा नदी, धरमतरची खाडी, पावसाळ्यातली कुंडलिका यांत हाताभरावरचंही दिसत नाही. तिथे पट्टा सुटला तर तो चाचपूनच बसवायचा. टाकी निसटू लागली, तर श्वास तोंडातल्या नळीवर चालू ठेवून जॅकेट काढायचं, टाकी पुढे घ्यायची, खटका उघडून पुन्हा आवळायचा. सोबतचा पाणबुड्या हाताशी असेल तर हे काम त्याचं. हातमोजे घातलेल्या बोटांना मोठा, खरखरीत कडेचा खटका सापडतो. छोटा, गुळगुळीत सापडत नाही. दुकानातल्या उजेडात बकल निवडू नये, डोळे मिटून निवडावं.

पट्टे किती? हलक्या जॅकेटला एक पट्टा असतो आणि टाकीच्या मानेभोवती अडकवायची एक छोटी फीत. शांत, स्वच्छ पाण्यात तेवढं पुरतं. वाहत्या, गढूळ पाण्यात एक पट्टा पुरेसा मानणं मला पटत नाही. दोन पट्टे, दोन्ही टाकीच्या सरळ भागावर, तिच्या खांद्याच्या गोलाईवर नाही. आणि टाकीवर जाळी चढवलेली असेल तर पट्ट्याच्या जागेपुरती ती बाजूला सारलेली.

गणेशोत्सवात विसर्जनाच्या घाटांवर जी तरुण मंडळी पाण्यात उभी राहते, पुरात दोर घेऊन धावते, त्यांना गावोगावी साहित्य भेट मिळतं. देणाऱ्यांना एक विनंती आहे. कारखान्यातला श्वसनसंच पाण्यात वापरण्यासाठी कधीही देऊ नका. तो पाण्यासाठी बनवलेला नाही. स्कूबाचा संच दिलात, तर त्याबरोबर रीतसर प्रशिक्षणाचा खर्चही द्या. त्या संचाला पॉलिएस्टरचे दोन पट्टे, ३१६ स्टीलची मोठ्या खटक्याची दोन बकलं आणि एक जादा बकल एवढं जोडून द्या. संपूर्ण संचाच्या किमतीत हा खर्च अगदी थोडा असतो.