स्वस्ताईचा दाखला

22 सप्टेंबर 2025 रोजी वस्तू आणि सेवा कराचे नवे दर अमलात आल्यापासून काय स्वस्त झाले आणि किती, याची कोष्टके वृत्तपत्रांतून इतक्या वेळा छापून आली आहेत की त्यांची पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही. त्यांतील एका ओळीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. तयार कपड्यांवरील 5 टक्के कराची मर्यादा नगामागे 1000 रुपयांवरून 2500 रुपयांवर नेण्यात आली. म्हणजे ज्याचा सदरा हजाराच्या आतला, त्याला पूर्वीही 5 टक्केच कर पडत होता आणि आजही तेवढाच पडतो. दीडशे-दोनशे रुपयांना ढिगातून कपडा निवडणाऱ्या गिऱ्हाइकाची स्वस्ताई अशा रीतीने सरकारी दरपत्रकातून आलेली नाही. ती कोठून येते, आणि जिथून येते ते ठिकाण गिऱ्हाइकाला सांगितले जाते काय, हा प्रश्न मला करांच्या कोष्टकाहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

या प्रश्नाचा विचार बेलपाड्यात उभे राहून करावा, असे ते ठिकाण आहे. खारघरच्या वसाहतीत सामावलेले आणि आता पनवेल महापालिकेच्या हद्दीत मोडणारे हे जुने गाव 17 नोव्हेंबर 2023 पासून मेट्रोचे एक स्थानक झाले. जवळच उंची दुकानांचे मॉल आहेत, आणि थोड्या अंतरावर न्हावा शेवा बंदरात देशोदेशींचा माल उतरत असतो. अशा उपनगरांत मंगल कार्यालय किंवा रिकामा गाळा चार दिवस भाड्याने घेऊन, लाकडी बाकांवर किंवा जाळीच्या टोपल्यांत कपड्यांचे ढीग रचून, नगावर किंवा किलोवर विक्री करण्याचा जो व्यवसाय चालतो, त्यातील मालाला व्यापारी भाषेत लॉटचा माल म्हणतात.

लॉटचे मूळ एक नसते. परदेशी गिऱ्हाइकाने मागणी कमी केली म्हणून उरलेला एक्स्पोर्ट सरप्लस, शिलाईत किंवा रंगात खोट निघालेले सेकंड पीस, हंगाम सरल्याने पडून राहिलेला डेड स्टॉक आणि ऑनलाइन घेऊन घरोघरून परत आलेला माल, हे सारे प्रवाह एकाच ढिगात मिसळतात. बंदराचाही त्यात वाटा असू शकतो, कारण 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या 48 व्या कलमान्वये उतरवलेला माल 30 दिवसांच्या मुदतीत सोडवला नाही, तर मालकाला नोटीस देऊन तो विकता येतो आणि त्याचे लिलाव होतात. यांपैकी एकाही मार्गात लज्जास्पद असे काही नाही. उलट जो कपडा अन्यथा जाळला किंवा पुरला गेला असता तो कुणाच्या तरी अंगावर जातो, ही मोठीच गोष्ट आहे. दोष आहे तो एवढाच, की ढिगापर्यंत पोहोचताना प्रत्येक नगाचा इतिहास पुसला जातो, आणि खोडलेल्या छापील किमतीखेरीज गिऱ्हाइकापुढे कसलाच दाखला उरत नाही.

त्या खोडलेल्या किमतीचा प्रभाव मोठा असतो. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने 1985 साली असे मांडले की खरेदीत वस्तूच्या उपयोगाचे समाधान वेगळे आणि सौदा साधल्याचे समाधान वेगळे. ढिगापाशी दुसरे समाधान पहिल्यावर सहज मात करते.

हा व्यवहार सचोटीने कसा करता येतो याचे जे उदाहरण मला फार मोलाचे वाटते ते अमेरिकेतील बॉस्टन शहरातले आहे, आणि त्याच्या कर्त्याचा आपल्या देशाशी संबंध आला होता. एडवर्ड फायलीन हा तेथील मोठा कापडदुकानदार 1907 साली हिंदुस्थानात आला असता बंगालमधील सहकारी पतपेढ्यांचे काम त्याने पाहिले, सहकार खात्याचे अधिकारी गोरले यांच्याशी चर्चा केली, आणि तीच कल्पना स्वदेशी नेऊन तेथील पतसंस्थांच्या चळवळीचा तो एक आधारस्तंभ झाला. त्याच सुमारास, 1909 च्या आगेमागे, आपल्या दुकानाच्या तळघरात त्याने उरल्यासुरल्या मालाची विक्री सुरू केली. तिचा नियम असा, की प्रत्येक नगावर तो मांडल्याची तारीख लिहिलेली असे. विक्रीचे 12 दिवस झाले की किंमत पावपट घटे, 18 दिवसांनी निम्मी होई, 24 दिवसांनी चौथाई उरे, आणि 30 दिवसांनीही कुणी न घेतलेला कपडा धर्मादाय संस्थेस दिला जाई. किंमत दुकानदाराच्या लहरीने नव्हे, तर पंचांगाप्रमाणे उतरत होती, आणि ते पंचांग गिऱ्हाइकाच्या हाती होते. आज घ्यावे की थांबावे, थांबल्यास दुसरा घेऊन जाईल काय, एवढाच विचार त्याला करावा लागे. माल जुना की नवा, हे त्याला चिठ्ठीवर वाचता येई. आरंभीची काही वर्षे तोटा सोसूनही ती रीत टिकली आणि पुढे अनेक दशके बॉस्टनकरांच्या जिव्हाळ्याची झाली. सहकारी पेढीत सभासदाला हिशेब पाहण्याचा जो अधिकार असतो, तोच फायलीनने गिऱ्हाइकाला तळघरात दिला, असे मी मानतो.

आपल्याकडे कायदा याच दिशेने पुष्कळ पुढे आला आहे, पण तो ढिगापर्यंत उतरलेला नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसल्यास 30 दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीही तशीच प्रथा आहे. विक्री सवलतीची आहे म्हणून या तरतुदींतून सूट नाही. तरीही ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी ठळकपणे दिसते ती नेमकी अशाच ठिकाणी, जिथला गिऱ्हाईक दोनशे रुपयांसाठी भांडत बसणार नाही हे विक्रेत्याला ठाऊक असते. ही मला अन्यायाची गोष्ट वाटते. दोनशे रुपये ज्याला मोजून खर्चावे लागतात त्याची फसगत, दोन हजार सहज खर्चणाऱ्याच्या फसगतीपेक्षा हलकी कशी मानावी? दोष आधी दाखवून त्याप्रमाणे किंमत कमी केली असेल, तर त्याच दोषासाठी नंतर तक्रार करणे योग्य नव्हे, हे मीही म्हणेन. परंतु दाखवलेला दोष आणि दडवलेला दोष यांत जे अंतर आहे, त्यावरच या व्यवसायाची प्रतिष्ठा अवलंबून आहे.

म्हणून पनवेल-खारघर परिसरातील विक्रेत्यांनी प्रत्येक ढिगावर एक फलक लावावा, असे मला सुचवावेसे वाटते: माल सरप्लसचा, सेकंडचा की परत आलेला, आणि मांडल्याची तारीख कोणती. यास खर्च एका खडूचा आहे. वाचकांनी तोवर ढिगातला कपडा उजेडात धरून शिवण, बगल व चेन पाहावी, आणि रक्कम कितीही लहान असो, पावती मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे, पण तेथवर जाण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. आणि आयोगाकडे जावेच लागले, तर 5 लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीस कोणतेही शुल्क नाही.