‘मॅनेजर’ : पद आणि पाटी

वधू-वर परिचय पुस्तिका चाळताना ‘मॅनेजर’ हा शब्द पानोपानी आढळतो. एखाद्याच्या हाताखाली दोनशे माणसे असतात. दुसरा दुकानाचे शटर स्वतः उघडतो आणि दिवसभर बिलेही स्वतःच फाडतो. पदनाम मात्र दोघांचे एकच. मुलामुलींच्या नोकरीचे आणि सोयरिकीचे निर्णय ज्या शब्दावर होतात, त्याचा अर्थ नीट जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

या शब्दाचे मूळ इटालियन भाषेत आहे. घोडा हाताळणे, त्याला वळण लावणे असा त्याचा जुना अर्थ. त्याच्याही मुळाशी लॅटिनमधील ‘हात’ आहे. आपल्याकडे हेच काम दरबारी कारभारी आणि पेढीवर मुनीम करीत. मुनिमाच्या शब्दावर सौदे ठरत. त्याच्या मानाचा आधार पाटी नव्हती, अधिकार होता.

कायद्यात या शब्दाचे वजन ठिकाणागणिक बदलते. कंपनी कायदा, २०१३ नुसार संचालक मंडळाच्या देखरेखीखाली कंपनीचा संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण कारभार पाहणारी व्यक्ती म्हणजे मॅनेजर. व्यवस्थापकीय संचालक असताना असा मॅनेजर नेमताच येत नाही. सरकारी बँकांत मात्र अधिकाऱ्यांच्या अनेक श्रेणी आहेत आणि साहाय्यक व्यवस्थापकापासून महाव्यवस्थापकापर्यंत सर्वत्र हाच शब्द नांदतो.

खरा प्रश्न हक्कांचा आहे. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ ने मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणाऱ्यास ‘कामगार’ या व्याख्येतून वगळले. २०१० च्या दुरुस्तीने पर्यवेक्षकासाठी दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घातली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. नोकरीतून कमी केल्यास दाद मागण्याचा मार्ग या व्याख्येवर ठरतो. ‘तुम्ही तर मॅनेजर’ असे म्हणून हा मार्ग नाकारला जाण्याची शक्यता इथेच निर्माण होते. परंतु न्यायालये पदनामावर थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येही हेच सांगितले, की कर्मचाऱ्याचे प्रमुख काम कोणते ते पाहावे. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात तर व्यवस्थापकही येतोच.

म्हणून नेमणूकपत्र हाती पडताच तरुणांनी काही प्रश्न विचारावेत. रजा मंजूर करण्याचा अधिकार आहे काय? खर्चाच्या कागदावर सही चालते काय? माणसे नेमण्यात मत विचारले जाते काय? कामाचे तास किती? उत्तरे नकारार्थी असतील, तर पद केवळ पाटीपुरते आहे असे समजावे आणि आपण प्रत्यक्ष करतो त्या कामाचे कागद जपून ठेवावेत.

व्यापारी कुटुंबांनीही हे ध्यानी ठेवावे. नोकरास मोठे नाव दिल्याने पगारवाढ टळत नाही आणि मालकाची जबाबदारीही उणी होत नाही. नावाबरोबर अधिकार आणि योग्य मोबदला दिला, तरच ते पद खरे.