एटीव्हीला आधी स्वच्छ हवा द्या

नागाव-अलिबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या जाड चाकांच्या एटीव्ही वाळू आणि खारं पाणी सतत अंगावर घेतात. अशा गाडीत सगळ्यात जास्त हयगय होते ती एअर फिल्टरची. फोमचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवावा. पिळला तर फाटतो. पेट्रोलने धुणं आगीला आमंत्रण आहे. पूर्ण सुकल्यावर त्याला फिल्टर ऑइल लावायलाच हवं, कारण कोरड्या फोममधून बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा घासून टाकते.

गाडी सुरू होत नसेल तर आधी किल स्विच आणि बॅटरीची टर्मिनलं पाहा. मग स्पार्क प्लग काढा. त्यावर कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. बऱ्याचदा कारण तोच तुंबलेला फिल्टर असतो.

पाण्यातून गेल्यावर इंजिन ऑइल दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलंय. तेव्हा स्टार्टर दाबूच नका, मेकॅनिकला बोलवा. पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन ओरडतंय पण चाकं फिरत नाहीत, म्हणजे बहुधा पट्टा भिजलाय. कव्हरमधलं पाणी काढून तो वाळवावा.

टायरमध्ये हवा फार कमी लागते, अनेक मॉडेलांत 4 ते 7 पीएसआय. त्यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज ठेवा.

आणि किनाऱ्यावरून परतल्यावर, कितीही दमला असलात तरी, गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.