जुनं मशीन, नवा लॅपटॉप आणि मधला दुभाषा

गेल्या हिवाळ्यात श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो. लेथ मशीन ठणठणीत, पण त्याला प्रोग्रॅम पाठवणारा विंडोज एक्सपीचा संगणक शेवटच्या घटका मोजत होता. ते जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना, आणि नव्या लॅपटॉपला सीरियल पोर्टच नाही. मालक चांगलं मशीन भंगारात काढायला निघाले होते.

उपाय शेजारच्या गावातला निघाला. व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर २००७ मध्ये आणलं वाइनश्टाटच्या इनोटेक कंपनीने. पुढच्या वर्षी सनने ती कंपनी विकत घेतली. आता ते ओरॅकलकडे आहे. त्यात संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालतो. आम्ही त्यात एक्सपी बसवलं.

आता लेथशी बोलणं कसं करायचं? आई-बाबा इथे आले की डॉक्टरकडे आपण दुभाषा होऊन मध्ये बसतो ना, तसंच लॅपटॉपला बसवायचं.

आधी यूएसबी-सीरियल केबल लावा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिचा नंबर बघा. आमचा होता कॉम ५. मग व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद करून सेटिंग्जमध्ये सीरियल पोर्ट्स उघडा. पहिला पोर्ट चालू करा, नंबर कॉम १ ठेवा, मोड 'होस्ट डिव्हाइस' निवडा आणि पाथमध्ये कॉम ५ लिहा. एक्सपीला वाटतं, आपल्याला नेहमीचा कॉम १ मिळाला. लिनक्सवर बहुधा आधी स्वतःला 'डायलआउट' गटात घालून पुन्हा लॉगिन करावं लागतं.

वेग, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट दोन्ही टोकांना एकसारखे हवेत. मशीनच्या पुस्तिकेत असतील तेच घाला.

एवढं करूनही तासभर काही हलेना. चूक माझीच होती: लॅपटॉपवर मी चाचणीचा प्रोग्रॅम उघडा ठेवला होता. पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. तो बंद केला आणि लेथने प्रोग्रॅम घेतला!

शेवटचं आणि महत्त्वाचं: एक्सपीला २०१४ पासून नियमित सुरक्षा अपडेट नाहीत. म्हणून व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क बंदच ठेवा. आणि चालू स्थितीतल्या या मशीनची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. म्हणजे उद्या लॅपटॉप गेला तरी लेथ अडणार नाही.