उतारवयातील एक नवा छंद : ड्रोन

शेतकऱ्याला वार्धक्याची पहिली जाणीव पायांकडून होते. नजर शाबूत असते, बागेची काळजीही कमी होत नाही. पण धुऱ्याधुऱ्याने फेरी मारणे जमेनासे होते. परतवाड्याच्या आसमंतात शाळा, कचेऱ्या व बँका यांतून निवृत्त होऊन शेतीकडे वळलेले गृहस्थ पुष्कळ आहेत. अशांना छायाचित्रे घेणाऱ्या ड्रोनचा छंद कितपत उपकारक ठरेल, याचा विचार आम्ही येथे करीत आहो.

२०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागली, आणि फवारणीचे ड्रोनही अनेकांनी पाहिले आहेत. फवारणीचे यंत्र वजनदार असून ते चालविण्यास प्रशिक्षण व प्रमाणपत्र लागते. छंदाचे यंत्र त्या मानाने अगदी लहान असते. त्याच्या चार पंख्यांपैकी तिरप्या समोरासमोरचे दोन एका दिशेने व उरलेले दोन उलट दिशेने फिरतात; म्हणून ते स्वतःभोवती गरगरत नाही. उपग्रहांच्या संकेतांमुळे दांड्या सोडताच ते हवेत जागीच थांबते. यामुळे सावकाश शिकणाऱ्या वृद्धासही ते साधते. मात्र एका भरणीत बॅटरी बहुधा अर्ध्या तासाच्या आतच संपते.

संत्र्याच्या बागेत याचा उपयोग विशेष आहे. कोठे पाने पिवळी पडली, कोठे कोळशीने शेंडे काळवंडले, ठिबकाची कोणती ओळ मलूल दिसते, हे वरून चटकन ध्यानात येते. तथापि ड्रोन झाड दाखवितो, रोग ओळखीत नाही. डिंक्या बुंध्याशी असतो. तो पाहण्यास कोणास तरी झाडापाशी गेलेच पाहिजे. तसेच एकट्या चित्राचा उपयोग थोडा. दर पंधरवड्यास त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून चित्र घेऊन तारीखवार जपून ठेवावे. वर्षभराने हीच बागेची खतावणी होईल, व मुलगा परगावी असला तरी बापलेकांस बागेविषयी बोलण्यास निश्चित आधार मिळेल.

कायद्याची बाजू प्रत्येकाने समजून घ्यावी. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र, आणि धंद्यासाठी नसल्यास २ किलोपर्यंतचेही, उडविण्यास प्रमाणपत्र लागत नाही. २५० ग्रॅमवरील यंत्राची मात्र नोंदणी करून ओळख-क्रमांक घ्यावा. सरकारी नकाशावर आपले शेत हिरव्या क्षेत्रात आहे की नाही हे आधी पाहावे. तेथे ४०० फुटांपर्यंत उडविण्यास परवानगीची जरूर नाही. नियमभंगास १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्या उत्तरेस मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प लागून आहे. चिखलदऱ्याच्या दऱ्या पाहून कोणासही मोह व्हावा. परंतु राखीव वनावर वनखात्याच्या परवानगीवाचून यंत्र नेऊ नये.

वऱ्हाडच्या उन्हाचाही विचार हवा. यांपैकी बहुतेक यंत्रे ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी केलेली असतात, आणि आपल्याकडे वैशाखात पारा त्याच्या पुष्कळ वर जातो. त्या दिवसांत सकाळीच उडवावे, व बॅटरी बंद मोटारीत किंवा उन्हात ठेवू नये. विजेच्या तारा, घारी व बुजणारी गुरे यांपासून दूर राहावे, आणि यंत्र नजरेआड होऊ देऊ नये.

शेवटची गोष्ट कायद्याहून नाजूक आहे. उन्हाळ्यात आपल्या गावांतून बायामाणसे गच्चीवर पापड-कुरडया घालतात, रात्री तेथेच निजतात. वरून जाणाऱ्या डोळ्यास धुऱ्याची मर्यादा दिसत नाही. ती उडविणाऱ्याने पाळावयाची असते. शेजाऱ्याच्या शेताचे चित्र त्यास विचारून घ्यावे, आणि घेतल्यास त्यालाही दाखवावे. ज्या गावात धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात, तेथे न विचारता उडविलेले यंत्र नवा तंटा उभा करील. विचारून उडविले तर त्याच शेजाऱ्याची वाळणारी झाडे त्यास वेळीच कळतील. वडीलधाऱ्यांच्या हाती हा छंद असावा असे आम्हास वाटते ते याचसाठी, की कोठे पाहावे याइतकेच कोठे पाहू नये हेही त्यांना ठाऊक असते.